होडी घ्यावी, पण कोणती?

आमच्या घरात कोणतीही मोठी वस्तू यायची म्हणजे तिच्याआधी एक वही येते. वहीच्या पानावर उभ्या रेघा मारायच्या, प्रत्येक रकान्याला डोके द्यायचे, आणि किंमत, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय, जागा किती अडते अशी एकेक बाब टिपत जायचे. शिलाईचे यंत्र, फ्रीज, धुलाईयंत्र, इतकेच काय चिरंजीवांचे इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा या वहीतूनच आमच्या घरात आले. छत्तीस वर्षे हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाची ही खोड आता जायची नाही. हिचे म्हणणे असे की, लग्नाआधी मुली पाहतानाही मी अशीच वही केली असणार. मी केली नव्हती. दुसरीच मुलगी ही होती, त्यामुळे वहीला अवसरच मिळाला नाही!

तरीसुद्धा, वाचकहो, आयुष्याची बहात्तरावी दिवाळी तोंडावर आली असताना मी वहीच्या डोक्यावर ‘होडी’ हा शब्द लिहीन असे मला कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. कारण मी पाण्यात उतरत नाही. नदीवर गेलो तर घाटाच्या वरच्या पायरीवर बसतो. गणपती विसर्जनाला काठावरूनच हात जोडतो. याचे कारण पुढे येईलच.

उन्हाळ्यात आम्ही दोघे चिरंजीवांकडे अमेरिकेला गेलो होतो. त्यांचे बिऱ्हाड मॅसॅच्युसेट्स राज्यात, कॉनकॉर्ड गावाच्या जवळ आहे. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, नातीने बातमी फोडली. ती अकरा वर्षांची आहे आणि घरातल्या बातम्या तिच्याकडे फार वेळ टिकत नाहीत.

“आजोबा, आम्ही कयाक घेणार आहोत! बाबा म्हणाले, आजोबा आले की ठरवू.”

“मी?” मी कप खाली ठेवला.

“बाबा, तुमच्याशिवाय कोण ठरवणार?” चिरंजीव हसत म्हणाले. “दुकानात शंभर प्रकार आहेत. माझं डोकं चालेना. तुम्ही वही करा.”

सूनबाईंनी कोरी वही माझ्यापुढे ठेवलीसुद्धा. सगळा कट आधीच शिजला होता. हिने मात्र माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता बशी उचलून नेली. तिला सगळे ठाऊक आहे.

जिचा प्रवाह ओळखू येत नाही अशी नदी

होडी कोणती घ्यायची हे ठरवण्याआधी पाणी कोणते हे पाहिले पाहिजे. म्हणून प्रथम नदी पाहून आलो. कॉनकॉर्ड गावाजवळ सडबरी आणि असाबेट या दोन नद्या एका खडकापाशी मिळतात आणि पुढे त्यांना कॉनकॉर्ड नदी म्हणतात. आपल्याकडच्या नद्या पाहिलेल्या माणसाला तिला नदी म्हणवत नाही. दोन्ही काठांवर झाडी, पाण्यात कमळांची पाने, कासवे लाकडांवर ओळीने ऊन खात बसलेली, आणि पाणी हलते आहे की नाही याचीच शंका! नॅथॅनिएल हॉथॉर्न हा थोर कादंबरीकार लग्नानंतर या नदीच्या काठी राहायला आला, तेव्हा पाणी कोणत्या दिशेला वाहते हे उमगायला त्यालाही काही आठवडे लागले होते.

याच गावचा हेन्री डेव्हिड थोरो. गांधीजींनी त्याचे लेख वाचले, म्हणून आपल्या लोकांना तो ठाऊक. १८३९ साली तो आणि त्याचा थोरला भाऊ जॉन, दोघांनी स्वतः बांधलेल्या होडीतून याच नदीने निघाले आणि दोन आठवडे फिरून आले. होडी १५ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद होती. १८४२ साली जॉन वारला. वस्तऱ्याने बोट कापल्याचे निमित्त होऊन धनुर्वात झाला. त्याच वर्षी थोरोने ती होडी हॉथॉर्नला ७ डॉलरला विकली. पुढे वॉल्डन तळ्याकाठी राहत असताना त्याने त्या सफरीचे पुस्तक लिहिले. ते भावाच्या आठवणीसाठीच.

ही माहिती मला चिरंजीवांनी पुलावर उभे राहून सांगितली. ‘थोरला भाऊ’ हे शब्द ऐकून मी कठड्यावरचा हात काढून घेतला. चिरंजीवांच्या ते लक्षात आले नाही.

कयाक म्हणजे काय?

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट आणि अल्यूत लोकांची शिकारीची होडी. पाण्यातून वाहून आलेले लाकूड किंवा हाड यांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे आणि मधोमध एका माणसापुरते तोंड ठेवायचे. शिंप्याने अंगरखा बेतावा तशी ती होडी ज्याच्या-त्याच्या अंगाच्या मापाने बेतली जाई. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. गोठणाऱ्या पाण्यात होडीबाहेर पडणे म्हणजे मरणच. म्हणून होडी उलटली तरी आत बसूनच वल्ह्याच्या झटक्याने पुन्हा सुलटी करण्याची विद्या त्या लोकांनी साधली होती.

आज दुकानात मिळणारी सहलीची कयाक त्या होडीची फार लांबची, सुखवस्तू नात म्हणावी. समुद्रावरची कयाक १६-१७ फूट लांब आणि जेमतेम २२ इंच रुंद असते. तळ्यावरची आणि संथ नदीवरची कयाक ९ ते १२ फूट लांब आणि २७ ते ३२ इंच रुंद. मी वहीत पहिलीच ओळ लिहिली: लांब होडी धावते, रुंद होडी स्थिर बसते. आखूड आणि रुंद होडीचे नाक प्रत्येक वल्ह्याबरोबर डावी-उजवीकडे डुलते. तेवढ्यासाठी काहींच्या शेपटाखाली एक पाते सोडण्याची सोय असते, ते सोडले की ती सरळ चालते.

बहुतेक होड्या प्लॅस्टिकच्या. साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालायची आणि तो साचा भट्टीत फिरवत ठेवायचा, म्हणजे भुकटी वितळून साच्याला आतून सारखी बसते. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी याच रीतीने घडते! हे कळल्यावर हिला धीर आला. “आपली टाकी वीस वर्षं उन्हात आहे,” ती म्हणाली, “तिला काही झालं नाही.”

चार जाती आणि एक पोटजात

शनिवारी आम्ही पाचही जण जवळच्या एका तळ्यावर गेलो. तिथे होड्या भाड्याने मिळतात आणि वल्हवायला शिकवणारी एक बाईही असते. चिरंजीव, सूनबाई आणि नात आळीपाळीने होड्या चालवत आणि मी काठावर बाकावर बसून वही भरी. तिचे सार असे.

पहिली जात आत बसायची. पाय होडीच्या पोटात, वर मोठे तोंड. वजन १६ ते २२ किलो. पायांवर ऊन नाही, कपडे फारसे भिजत नाहीत, गार दिवसांत उबदार. बसायला खाली असल्यामुळे वारा कमी लागतो. सूनबाईंना ही सर्वांत आवडली. “खुर्चीत बसल्यासारखं वाटतं,” त्या म्हणाल्या.

दुसरी जात वर बसायची. हिला पोट नाही. जाड पाटासारखी बंद होडी आणि तिच्यावर बसण्यापुरता खोलगट भाग. त्यात आरपार भोके असतात, आत आलेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते. भोकांतून थोडे पाणी वर येतेच, म्हणून बैठक ओली राहते. होडी चोहोकडून बंद असल्यामुळे प्लॅस्टिक जास्त लागते आणि वजन २२ पासून ३० किलोपर्यंत जाते. बसणारा उंचावर, त्यामुळे वारा जास्त लागतो. पहिल्या फेरीत मी हिला सर्वांत कमी गुण दिले होते.

तिसरी हवा भरायची. हिच्यात निरनिराळे कप्पे असतात. एक फुटला तरी बाकीचे तारतात. वजन १२ ते १८ किलो, घडी करून मोटारीच्या डिकीत जाते. पंपाने फुगवायला दहा मिनिटे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याहून सोयीची होडी नाही. पण वारा सुटला की ती सुकलेल्या पानासारखी भलतीकडे जाते, आणि घरी आणल्यावर कानाकोपऱ्यापर्यंत वाळवली नाही तर बुरशी धरते. ज्यांच्या घरी छत्र्या ओल्याच गुंडाळून ठेवतात त्यांनी या जातीच्या वाटेस जाऊ नये.

चौथी घडीची. हिचे कूळ मोठे. १९०५ साली आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने लाकडी काठ्या आणि कापड यांची घडीची होडी केली आणि योहान क्लेपर या शिंप्याने १९०७ साली तिचे हक्क घेऊन ती बाजारात आणली. १९५६ साली हान्नेस लिंडेमान या डॉक्टरने तसल्याच एका घडीच्या होडीतून एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक महासागर पार केला. हल्ली मिळते ती पन्हळी प्लॅस्टिकच्या पत्र्याची, कागदी होडीसारखी घड्या घालून उभी करायची. हलकी इतकी की काही नऊ-दहा किलोंतच येतात. पण किंमत बाकीच्यांच्या दुपटी-तिपटीने, आणि टोकांना हवेच्या पिशव्या ठेवल्या नाहीत तर पाणी शिरल्यावर तिला काही आधार नाही.

पोटजात म्हणजे दोघांची होडी. ही १२ ते १४ फूट लांब, वजन ३० ते ४० किलो. पुढचा वल्हवतो एका लयीत, मागचा दुसऱ्या, आणि वल्ह्यांची टक्कर होते. तिकडचे लोक हिला गमतीने ‘घटस्फोटाची होडी’ म्हणतात. चिरंजीव आणि सूनबाई तीत बसून निघाले ते हसत. परत आले तेव्हा दोघेही तळ्याच्या निरनिराळ्या काठांकडे पाहत होते.

स्थैर्याची एक बाब मला नवीन कळली. सपाट तळाची होडी शांत पाण्यात पाटासारखी बसते, जराही डुलत नाही. गोलसर तळाची बसताक्षणीच डुलायला लागते. नवशिक्याला वाटते, पहिली चांगली. पण सपाट तळाची होडी एका मर्यादेपलीकडे कलली की एकदम जाते, सूचना देत नाही. गोल तळाची आधीपासून कुरकुरते, पण कललेल्या अवस्थेतही तोल धरून राहते. संथ तळ्यात पहिलीने भागते, फक्त तिच्या शांतपणावर फार विसंबू नये.

हे वाक्य मी लिहिले आणि लेखणी थांबली. सपाट तळाची, पाटासारखी स्थिर, सूचना न देता एकदम जाणारी होडी मी पाहिली होती.

काहिल

आमचे गाव कृष्णाकाठचे. तिकडे ऊस फार. गुऱ्हाळात रस आटवायची जी मोठी लोखंडी कढई असते तिला काहिल म्हणतात. आठ-दहा फूट व्यासाची, उथळ, सपाट तळाची. गुऱ्हाळे चालतात थंडीत. पावसाळ्यात काहिल रिकामी असते. नदीला पाणी आले की लोक तीच पाण्यात लोटत आणि तीत बसून पलीकडच्या मळ्यात जात. दहा माणसे बसली तरी ती हलत नसे. आम्हा पोरांना तर तीत बसणे म्हणजे जत्रा वाटे.

१९६२ सालचा श्रावण. मी नऊ वर्षांचा, दादा चौदा वर्षांचा. तो मळ्यातून काहिलीत बसून परत येत होता. मी अलीकडे घाटावर उभा होतो. मधल्या धारेत एक झाडाचे खोड वाहत आले, ते पाहायला का चुकवायला कोण जाणे, सगळे एका बाजूला झाले. काहिल एकदा कलली. आवाजसुद्धा झाला नाही. लोखंड ते, पाण्याने भरताच सरळ तळाला गेली.

दादाला पोहता येत होते, गावातल्या कोणत्याही पोरापेक्षा चांगले. पण पुराच्या पाण्यात पोहणारा दमतो, आणि दमला की त्याला हात टेकायला काहीतरी लागते. तिथे काहीच उरले नव्हते. दोन मुलांना एका गड्याने काठाला लावले. दादा दुसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ मिळाला.

त्या रात्री आईने माझ्याकडून वचन घेतले की, पुन्हा पाण्यात पाऊल टाकायचे नाही. मी ते पाळले. पुढे आई गेली, तरी पाळले. चिरंजीवांना लहानपणी पोहायला पाठवले नाही, कारण विचारले तर ‘सर्दी होते’ म्हणून सांगितले. ते पोहायला शिकले ते सव्विसाव्या वर्षी, अमेरिकेत गेल्यावर, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या वर्गात बसून. एक काका लहानपणीच वारले, यापलीकडे मी त्यांना कधी काही सांगितले नव्हते.

वहीत राहिलेला रकाना

त्या शिकवणाऱ्या बाईंनी माझी वही कुतूहलाने पाहिली. लिपी त्यांना कळली नाही, पण रकाने कळले. चिरंजीवांनी डोकी वाचून दाखवली: लांबी, रुंदी, वजन, किंमत, वारा, ठेवायची जागा.

“एक राहिला,” त्या म्हणाल्या. “उलटल्यावर काय?”

मी छत्तीस वर्षे लोकांना सांगत आलो की, संस्थेची पारख नफ्याच्या वर्षी करू नये, तोट्याच्या वर्षी करावी. आणि स्वतःच्या वहीत मी फक्त नफ्याचेच रकाने आखले होते! किंबहुना, हा एक रकाना माझ्या हातून का सुटला हे मलाच ठाऊक होते. मी वही मिटली आणि चिरंजीवांना म्हणालो, “अरे, त्यांना सांग, प्रत्येक होडी उलटी करून दाखवा. आणि मलाही एक लाइफ जॅकेट द्यायला सांग.”

“बाबा?”

“रकाना भरायचा तर आकडे स्वतः तपासले पाहिजेत.”

हिने माझ्या जॅकेटचे बंद स्वतःच्या हाताने बांधले, दोन वेळा ओढून पाहिले आणि हळूच विचारले, “अहो, नक्की ना?” मी मान हलवली. तिने माझा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. गुडघाभर पाण्यात उभा राहिलो तेव्हा पाय थरथरत होते; थंडीने, असे मी नातीला सांगितले. मग कमरेएवढ्या आणि मग छातीएवढ्या पाण्यात गेलो. नात शेजारी होती. तिने माझा हात धरला होता, की मी तिचा, हे नक्की सांगता येणार नाही.

आता त्या रकान्यातले निष्कर्ष सांगतो. हा सगळा लेख विसरलात तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा.

आत बसायची होडी उलटली की माणूस सहज बाहेर पडतो. तोंड मोठे असते. पण होडी भरते. तिच्या पोटात दीड-दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे तितकेच किलो वजन. तळ्याच्या मधोमध एकट्याने ती रिकामी करणे आणि तीत परत चढणे जवळजवळ अशक्य. चिरंजीवांनी प्रयत्न केला. चढू लागले की होडी पुन्हा भरे. शेवटी आम्ही तिघांनी ती ढकलत काठाला आणली. यातली एक गोष्ट फार महत्त्वाची. त्या होडीच्या दोन्ही टोकांना आडव्या भिंती घालून बंद केलेले कप्पे होते, म्हणून ती भरूनही तरंगत राहिली. स्वस्त होड्यांत पुष्कळदा फक्त मागच्या बाजूलाच कप्पा असतो. पाणी शिरले की पुढचे टोक खाली जाते आणि होडी उभी राहते. दुकानात गेलात तर पुढच्या टोकात हात घालून पाहा. तिथे बंद कप्पा, फोम किंवा हवेची पिशवी यांपैकी काही नसेल, तर तिची किंमतच विचारू नका.

घडीच्या होडीचा हिशेबही तोच. हवेची होडी बुडत नाही, आणि भरपूर तरंगते, पण फुगीर काठ ओले असले की हात निसटतात. काठावर धरायला मूठ आहे का ते पाहावे.

वर बसायची होडी उलटली. नातीने पलीकडची कड धरून ओढली, होडी सुलटी झाली. आत पाणी साठायला जागाच नाही! मग तिने होडीच्या मध्यभागी दोन्ही हात टेकले, पाय जोरात मारले, पोटावर आडवी झाली, वळून बसली, पाय आत घेतले. मिनिटही लागले नाही. आधी पोट, मग बैठक, मग पाय, हा क्रम.

मग माझी पाळी. पहिल्या वेळी मी होडीच आपल्या अंगावर ओढून घेतली. दुसऱ्या वेळी एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने पडलो, डोके पाण्याखाली गेले, आणि जॅकेटने मला बूच वर यावे तसे वर आणले. त्या क्षणी मी दोन्ही हातांनी होडी धरली. ती तिथेच होती. पालथी, ओली, पण तिथेच होती. मी तिला धरून बराच वेळ नुसता राहिलो. चौथ्या खेपेला वर बसलो. काठावरून हिने टाळ्या वाजवल्या; आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तिच्या तोंडावर इतका आनंद नव्हता.

निकाल

घरी येऊन मी नवा तक्ता केला. किंमत एक सामान्य होडीची ३०० डॉलरपासून हजारापर्यंत, घडीची त्याहून वर. प्रत्येक होडीवर ती किती वजन पेलते याचा आकडा असतो. माणूस आणि सामान मिळून त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहावे. रुंद होडीला वल्हे लांब लागते, साधारण २३० सेंटिमीटर. पैसे वाचवायचे तर होडीत वाचवावे, वल्ह्यात नाही, कारण तासाभरात शेकडो वेळा जे उचलायचे ते हलके असलेले बरे.

ज्यांना गार हवेत फिरायचे आहे आणि बरोबर जाणते सोबती आहेत त्यांनी दोन्ही टोके बंद असलेली आत बसायची घ्यावी. ज्यांना जागा नाही त्यांनी हवेची घ्यावी आणि वारा पडलेला असताना, सकाळी जावे. ज्या घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे आहेत त्यांनी वर बसायचीच घ्यावी. आम्ही तसल्या दोन घेतल्या, १० फुटी, आणि ओझे ओढायला दोन चाकांची एक छोटी गाडी. पाठीचा प्रश्न तिने सोडवला.

लाइफ जॅकेट पाचही माणसांना. त्या राज्यात १५ सप्टेंबर ते १५ मे या गार पाण्याच्या काळात कयाकवाल्याने ते अंगात घालावे असा कायदाच आहे आणि १२ वर्षांखालच्या मुलांना बारा महिने. आमच्या घरात हा कायदा सर्वांना बारा महिने लागू केला आहे. होडीत पायाशी ठेवलेले जॅकेट म्हणजे कपाटात ठेवलेली छत्री!

आपल्याकडेही आता धरणांच्या जलाशयांवर आणि गोव्याच्या खाड्यांतून कयाक दिसू लागल्या आहेत. तिथे सहलीला जाल तेव्हा भाड्याची होडी घेण्याआधी तोच एक प्रश्न विचारा: उलटल्यावर काय? उत्तर देणारा हसण्यावारी नेऊ लागला तर काठावरची भजी खाऊन परत या. आणि पावसाळ्यातल्या नदीत तर कोणतीच होडी घालू नका.

शिंगाडे

ऑगस्टमध्ये आम्ही नदीवर गेलो. तिथे एक गंमत कळली. सडबरी नदीत शिंगाड्याचा वेल माजला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बाहेरून त्या राज्यात आला आणि आता पाणी झाकून टाकतो, खालच्या वनस्पतींना ऊन मिळू देत नाही. आपल्या शिंगाड्याला दोन शिंगे, याला चार काटे. बिया गळून तळाशी जाण्याआधी गावातले लोक उन्हाळ्यात कयाक घेऊन जातात आणि हातांनी वेल उपटतात.

हे ऐकल्यावर ही काठावर थांबणे शक्यच नव्हते. नात एका होडीत, ही दुसऱ्या होडीत, आणि मी आणि चिरंजीव काठावर. ती वेल उपटून मांडीवर घेई आणि ओरडून सांगे, “अहो, हे उपासाचं पीक फेकून देतायत हो हे लोक!” तासाभरात तिची होडी हिरवीगार झाली.

मग ती उतरली आणि मी बसलो. नात पुढे, मी मागे, आपापल्या होडीत. पुलाखालून गेलो. पाणी कोणत्या दिशेला वाहते हे मला अजूनही कळले नाही. नातीने मागे वळून विचारले, “आजोबा, तुम्ही लहानपणी कधी होडीत बसला होतात?”

“बसलो होतो,” मी म्हणालो. “काहिलीत.”

“काहिल म्हणजे काय?”

मी तिला थांबायला सांगितले. चिरंजीवही काठाकाठाने चालत आमच्याबरोबर येत होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने होडी काठाजवळ घेतली. आणि दादाची गोष्ट, पहिल्यापासून, सांगायला सुरुवात केली.